जिंकलो तर देशाचे, हरलो तर जातीचे

मॅच असली की हा देश एकदम एक होतो. कोण कुठल्या आळीतला, कोण कुठल्या वस्तीतला, विचारायचं नाही. सगळे भारतीय. मॅच संपली की ज्यानं त्यानं आपापल्या घरी जायचं, नि घरं अजून जातीप्रमाणंच वसलेली.

दोस्तहो, खेळ राष्ट्र घडवतो, असं शाळेच्या पुस्तकापासून मंत्र्याच्या भाषणापर्यंत आपण ऐकत आलो. ऐकायला झकास. पण राष्ट्र म्हणजे नेमकं कोण? मैदान कोणाच्या ताब्यात? टीम कोण निवडतं? करंडक कोणाच्या नावाचा? असं विचारलं की लगेच ओरड सुरू, 'खेळात जात आणू नका.' अरे, आणायला ती बाहेर होती कधी? ती तर आधीपासूनच पॅव्हेलियनमध्ये बसून चहा पितेय.

पुरावा पाहिजे? बाळू पालवणकर घ्या. चांभाराचं पोर. जन्म १८७६. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, जाळी लावायची. पगार महिना चार रुपये. साहेबाला नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकायचे, बॅटला मात्र हात लावायचा नाही. त्या टाकण्यातूनच देशातला अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. मग पुण्याच्या हिंदू क्लबाला पेच पडला. गोऱ्यांना हरवायचं तर हा पाहिजे, नि हा तर अस्पृश्य! सोवळ्या डोक्यांनी तोडगा काढला. चेंडू एकत्र, चहा वेगळा. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांनी झेलायचा, पण चहा त्यांनी पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात प्यायचा. जेवणही वेगळं. चामड्याचा चेंडू बाटत नाही, कपबशी बाटते. हे शास्त्र कुठल्या पोथीत लिहिलंय ते एकदा कोणी तरी दाखवावं.

पुढं मुंबई. त्या काळातली सर्वांत मोठी स्पर्धा धर्मावर उभी होती. युरोपियन, पारशी, हिंदू, नि १९१२ पासून मुसलमान. बाळू हिंदूंच्या संघात. देवळात नाही, पाणवठ्यावर नाही, पण स्कोअरबुकात पक्के हिंदू. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी ११४ बळी घेतले. देशाच्या नावानं घाम कोणी गाळला, ते यावरून समजा.

एवढं करून कप्तानपद? ते नाही. ते सवर्णाकडेच. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. सरळ खेळायला नकार दिला. गवगवा झाला, नि हिंदू जिमखान्याला माघार घ्यावी लागली. बाळू परत आले, उपकप्तान झाले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कप्तान झाले, आणि त्या वर्षीची स्पर्धा त्यांच्या संघानं जिंकली. ही जागा कोणाच्या खिलाडूवृत्तीनं दिली नाही. हत्यार खाली ठेवलं, संप केला, तेव्हा ती मिळाली.

सुधारक मंडळी हरखली. त्यांना वाटलं, क्रिकेट आता जात मोडणार. मग पुढचा हिशेब बघा. चारच वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायले, नि सवर्णांनी आपल्या माणसांची डोकी फोडली. १९३० मध्ये नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षं चालला, दार बंदच राहिलं. कपाला हात लावू देणारे पाण्याला हात लावू देत नव्हते. खेळानं एका घराला कीर्ती दिली. हक्क द्यायची ताकद त्याच्यात नव्हती. त्यासाठी तळ्यावरच जावं लागलं.

यातलं सर्वांत कडू पान आपण उलटत नाही. १९३२ ला स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला उभे होते. १९३७ च्या मुंबईच्या निवडणुकीत काँग्रेसनं बाबासाहेबांसमोर कोणाला उभं केलं? बाळू पालवणकरांना. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. बाळूंना शिव्या घालायला मी हे लिहीत नाही. त्यांची बोटं आपली, त्यांचे ११४ बळी आपले. त्यांचं राजकारण आपलं नाही. एवढा फरक आपल्याला करता आला पाहिजे. पण ज्या समाजाला कप्तान निवडताना हे नाव आठवत नव्हतं, त्याला मतपेटी आल्यावर ते बरोब्बर आठवलं. राष्ट्र आपल्यातला हिरो खांद्यावर घेतं, तेव्हा कशासाठी घेतलंय नि कोणाविरुद्ध घेतलंय, हे आधी बघा. हार नंतर घाला.

काम झालं की विसरणंही ठरलेलं. आपल्या राष्ट्रीय क्रिकेटचा सर्वांत मोठा करंडक १९३४ पासून रणजितसिंहांच्या नावाचा. ते १५ कसोट्या खेळले, सगळ्या इंग्लंडकडून. दुसरा करंडक दुलीपसिंहांच्या नावाचा. त्यांच्या १२ कसोट्या, त्याही इंग्लंडकडून. बाळूंच्या नावाचा राष्ट्रीय करंडक? एकही नाही. साहेबाच्या संघातून खेळलेला राजपुत्र राष्ट्रीय, नि अखिल भारतीय संघासाठी राबलेला चांभार पुस्तकाच्या तळटीपेत! संस्कृती संस्कृती म्हणतात ती अशी नावांतून मुरवली जाते. पोर लहानपणापासून रणजी रणजी ऐकतं, बाळू ऐकतच नाही.

'हे सगळं जुनं झालं' म्हणणारे भेटतील. त्यांना २०२१ चं टोकियो ऑलिंपिक सांगा. वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल मारले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय बाई. देश नाचला. 'आपली मुलगी.' चारच दिवसांनी संघ उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला. लगेच हरिद्वारजवळ रोशनाबादला तिच्या घरासमोर फटाके वाजले, जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. संघात दलित फार झालेत म्हणून हरलो, असं सुनावल्याची तक्रार घरच्यांनी पोलिसात दिली. दोन दिवसांनी ही पोरगी ब्राँझच्या सामन्यात पुन्हा उतरली नि ब्रिटनवर गोल केला. जिंकली तर देशाची, हरली तर जातीची. संघात जिंकायला सोळा-अठरा जणी नि हरायला एक. हा कुठला नियम?

मग काय, खेळ सोडायचा? अजिबात नाही. मैदान सोडणं म्हणजे त्यांना फुकट देणं. ज्यांच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथरच्याच काळातली गोष्ट. १६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको. दोनशे मीटरमध्ये टॉमी स्मिथला सोनं, जॉन कार्लोसला ब्राँझ. बूट काढून, काळे मोजे घालून ते पायरीवर चढले. अमेरिकेचं राष्ट्रगीत लागलं, यांनी मान खाली घातली नि काळ्या हातमोज्याच्या मुठी वर केल्या. दोघांना स्पर्धेतून हाकललं. पण पदक देशाचं नि भूक आमची, हे त्यांनी साऱ्या जगाला न बोलता सांगितलं.

गुणवत्तेचा जप करणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेकडं बघावं. तिथं वर्णभेदाच्या राज्यात राष्ट्रीय संघ फक्त गोऱ्यांचा होता. १९७० नंतर दोन दशकं कसोटी क्रिकेटनं त्यांना बाहेर ठेवलं. २०१६ मध्ये त्यांच्याच मंडळानं ठरवलं, हंगामाच्या सरासरीत अकरातले किमान सहा गोरे नसलेले, त्यात किमान दोन काळे आफ्रिकन. तिथंही रडारड झाली, 'दर्जा बुडाला.' १४ जून २०२५ ला लॉर्ड्सवर त्यांनी ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचं जगज्जेतेपद जिंकलं. कप्तान होता तेम्बा बवूमा, केपटाऊनच्या लांगा वस्तीतला काळा पोरगा. सामन्यात नऊ बळी घेणारा कागिसो रबाडाही काळाच. दर्जा बुडाला नाही. दर्जा अडवून धरलेलं दार तेवढं उघडलं.

आपल्याकडं दार कुठं आहे? मुंबईत मरीन लाइन्सला जा. समुद्रासमोर कॅथलिक, इस्लाम, पारशी, हिंदू असे जिमखाने ओळीनं उभे. जमीन सरकारी, भाडेपट्ट्यानं दिलेली. अस्पृश्यांच्या वाट्याला त्या ओळीत कधी काही आलं नाही. आपला जिमखाना म्हणजे दोन चाळींमधली बोळ, विटांचे स्टंप, नि काच फुटली की पळणं. आपल्याला आणखी एक जातीचा जिमखाना नको. जमीन सार्वजनिक असेल तर दारही सार्वजनिक पाहिजे. वस्तीतल्या पोरांना नेटचा वेळ पाहिजे, कोच पाहिजे. पोरींना कपडे बदलायला बंद खोली पाहिजे. राष्ट्रीय करंडकावर बाळू पालवणकरांचं नाव पाहिजे.

हे कोणी भीक म्हणून देणार नाही. आपल्या वॉर्डात खेळाची मैदानं किती, कुठलं कोणाला चालवायला दिलंय, किती वर्षांसाठी, किती भाड्यानं, कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात, हे कागद वॉर्ड ऑफिसातून काढा नि वस्तीत वाचून दाखवा. आपल्यातला एखादा निवडला गेला तर त्याच्या मागं उभे राहा. डावलला गेला तर विठ्ठल-शिवरामांसारखं खेळ थांबवायची तयारी ठेवा. भारत जिंकला की टाळ्या जरूर वाजवू. देश आपलाही आहे. पण टाळ्यांसाठी रिकामे केलेले हात दुसऱ्या दिवशी त्या कुलपावर पडले पाहिजेत.