बरणीतला बेडूक आणि उसातला बिबट्या

आपली दिवाळी जनावरापासून सुरू होते. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, मग पुढचे सारे दिवे लागतात. त्याच दिवशी अकोल्याच्या डोंगरातले आदिवासी वाघबारस करतात आणि वाघोबाला नैवेद्य दाखवून गुरांसाठी अभय मागतात. श्रावणात आपण नागाला लाह्या वाहतो, पोळ्याला बैलाची शिंगे रंगवतो. इतके सण जनावरांच्या नावाने करणाऱ्या समाजात प्राणिशास्त्राला केवढा मान असायला हवा! प्रत्यक्षात काय आहे? डॉक्टरी हुकली, फार्मसी हुकली, शेतकीची यादीही बंद झाली, की उरलेला मुलगा प्राणिशास्त्राच्या दारात येतो आणि घरचे लोक पाहुण्यांना सांगताना आवाज जरा खाली आणतात.

या मुलांना मी मुळीच दोष देत नाही. त्यांना ज्या खोलीत नेऊन बसवले जाते, त्या खोलीशी माझे भांडण आहे.

मी सणसवाडीचा. पुण्याहून नगरच्या रस्त्याने निघाले की कोरेगाव भीमा मागे पडते आणि शिक्रापूर यायच्या आधी आमचे गाव लागते. आज रस्त्याला कारखान्यांची रांग आहे आणि मागच्या अंगाला शेते. गावातल्या तरुणाला कारखान्याचा भोंगा कळतो, पाळी कळते. पण बांधापलीकडे काय वळवळते, हे सांगणारा माणूस त्याला भेटत नाही. मी प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालो आणि पुढे पोटापाण्यासाठी हाच विषय शिकवला. तेव्हा जे लिहितो आहे ते ऐकीव नाही.

मी शिकलो त्या विभागाचे वर्णन करतो. नाव सांगत नाही, कारण असे विभाग पुष्कळ आहेत. लांबट खोली, भिंतीला काचेची कपाटे, कपाटांत बरण्या, बरण्यांत फॉर्मॅलिन आणि फॉर्मॅलिनमध्ये सारी सृष्टी. साप पांढरा, सरडा पांढरा, मासा पांढरा आणि बेडूकही पांढरा. फॉर्मॅलिनचा पहिला प्रताप हाच, की ते रंग खाते. आम्ही तीन वर्षे त्या पांढऱ्या मढ्यांच्या आकृत्या काढल्या. टोकदार पेन्सिल, उजवीकडे नावे, खाली अधोरेखित शीर्षक. आकृती सुबक आली की गुण. जो मुलगा झुरळाची मज्जासंस्था न चुकता काढी, तो आमच्यातला शास्त्रज्ञ.

आता त्या बेडकाचेच पाहा. वळवाचा पाऊस होऊन खाचरात पाणी साठले की आपल्याकडचा मोठा बेडूक हळदीने माखल्यासारखा पिवळाधमक होतो, आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन बाजूंना निळे फुगे येतात. नराचे हे लग्नाचे कपडे! खेड्यातल्या कुठल्याही पोराने ते पाहिलेले असतात. पण ते पोर महाविद्यालयात गेले, की त्याला शिकवले जाते ते बेडकाचे हृदय किती कप्प्यांचे. हे तीन कप्पे त्याने जरूर शिकावे. पण पिवळा रंग का, निळा फुगा कशाला, हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही, आणि मग त्यालाही तो पडेनासा होतो. शिक्षणाने प्रश्न पाडावेत. इथे तीन वर्षे घालवून असलेले प्रश्न बुजवले जातात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ साली ते बंदच करायला सांगितले. माझ्या काही व्यवसायबंधूंनी तेव्हा मोठा शोक केला. मी केला नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलामागे एक बेडूक मारायचा आणि प्रत्येकाने तेच पाहायचे, यात शास्त्र थोडे आणि रिवाज फार होता. शिवाय हाच बेडूक शेतातले किडे खातो म्हणून देशाने १९८७ साली बेडकाच्या तंगड्यांची निर्यात थांबवली होती. तेव्हा सुरी गेली ते ठीकच झाले. माझा राग पुढच्या गोष्टीवर आहे. मोकळ्या झालेल्या टेबलावर काय आले? संगणकातला बेडूक! बटण दाबा, कातडी उघडते. पुन्हा दाबा, मिटते. खिडकीबाहेरच्या डबक्यात जिवंत बेडूक घसा फोडून ओरडतो आहे, आणि आत मुले पडद्यावरच्या बेडकाची नावे पाठ करताहेत. बरणी गेली नाही, तिची काच तेवढी बदलली.

'पाया नको का?' असे कोणी विचारील. हवा ना! पण पायावर पुढे घर बांधतात. आमच्याकडे साऱ्या आयुष्याचा पायाच भरत बसण्याची रीत आहे. या अभ्यासाने कोणते घर उभे राहू शकते, याचे दोन दाखले आमच्याच शिवारातले देतो.

पहिला हुमणीचा. ऊस पिवळा पडतो, वाळतो, आणि हिसका दिला की ठोंब हातात येते; मुळे कुरतडलेली असतात. शेतकरी दुकानात धावतो आणि औषधाचा डबा आणतो. पण हुमणी ही एका भुंगेऱ्याची अळी. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला, की हे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात, पाला खातात, आणि मग माद्या जमिनीत अंडी घालतात. वर्षाला एकच पिढी. म्हणजे त्या थोड्या संध्याकाळी साऱ्या गावाने मिळून फांद्या हलवल्या आणि पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकले, तर पुढच्या हंगामाची कीड तिथेच अर्धमेली होते. एकट्याने करून भागत नाही, कारण शेजाऱ्याच्या बाभळीवरचा भुंगेरा बांध विचारीत नाही. हे सारे प्राणिशास्त्र आहे: कोणाचा जन्म केव्हा, कोण कुठे बसतो, कोणत्या घडीला तो हाती लागतो. आमच्या वर्गात कीटकाच्या रूपांतराच्या चार अवस्था शिकवल्या जात. पण त्यांतली एक अवस्था माझ्या वडिलांचा ऊस खात होती, हे मला त्या खोलीत कोणी सांगितले नाही.

दुसरा दाखला बिबट्याचा, आणि तो सांगताना हात जड होतो. कालव्यांचे पाणी आले, ऊस वाढला, आणि वर्ष-दीड वर्ष न हलणाऱ्या त्या हिरव्या रानात बिबट्या राहू लागला. मादी उसातच विते. आज शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत उसात जन्मलेले बिबटे आहेत. त्यांना डोंगर ठाऊक नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच तालुक्याच्या पिंपरखेड-जांबूत भागात थोड्या दिवसांच्या अंतराने दोन लहान मुले आणि एक वृद्ध बाई बिबट्याच्या हल्ल्यात गेली. लोक रस्त्यावर उतरले. ज्याच्या अंगणातून पोर उचलले जाते, त्याला शांत राहायला सांगणारा मी कोण?

पण मला विचारायचे आहे ते असे: या भागातल्या प्राणिशास्त्राच्या वर्गांत त्या दिवसांत काय चालले होते? लोक म्हणत होते, 'सारे पकडा आणि लांब नेऊन सोडा.' हा उपाय जुन्नरला पूर्वी करून झाला आहे! २००१ सालापासून तिथले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडू लागले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला: त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, नंतर ते १७ झाले. घरचे रान तुटलेले, बिथरलेले जनावर अनोळखी मुलखात गेले आणि रिकाम्या जागी दुसरे आले. त्याच अभ्यासकांनी अकोल्याच्या शेतीमुलखात बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा निघाला गावातल्या कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के. म्हणजे बिबट्याचा प्रश्न उकिरड्याशी, मोकाट कुत्र्यांशी, उघड्या गोठ्याशी बांधलेला आहे. आणि पाणी द्यायला शेतकऱ्याला रात्री ज्या विजेसाठी उसात जावे लागते, तिच्याशीही.

ही माहिती जगाला इंग्रजीत मिळाली. ती ज्याच्या दारी पिंजरा लागतो त्या माणसाला मराठीत कोण सांगणार? पाहुणे शास्त्रज्ञ पाच वर्षांनी जातात. महाविद्यालय गावात कायम असते. गावागणिक कुत्री किती, गोठे बंद किती, कोणत्या महिन्यात कोणत्या वस्तीवर शेळी गेली, याची वही दहा वर्षे ठेवणारा एक जरी विभाग इथे असता, तरी अफवेला उत्तर द्यायला काही हाती असते.

'मुलांना काय बिबट्यापुढे उभे करता?' असा टोला मला हमखास मिळतो. कोणी करायला सांगितले? दिवसाउजेडी गोठे मोजा, लोकांशी बोला, ठसे कसे ओळखावे ते शिका, वही भरा. विज्ञानाचा पुष्कळसा भाग म्हणजे चिकाटीने भरलेली वही. आणि नोकरीची चिंता असेल, तर सांगा पाहू, आकृत्या काढून किती जणांना नोकऱ्या लागल्या? ज्याला शिवारातली कीड, साप, मासा आणि पाखरू ओळखून त्यावर चार वाक्ये सरळ लिहिता येतात, तो कुठेच अगदी रिकामा बसणार नाही.

'आमच्याकडे साधने नाहीत,' हे शेवटचे रडगाणे. मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत होते. गोड्या पाण्यातल्या जेलीफिशचा एक वंश तोवर आफ्रिकेतलाच मानला जाई. आघारकरांना तो १९११ च्या सुमारास सह्याद्रीतल्या पाण्यात सापडला. ज्या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या लोक धुणी धूत होते, तिथे एक मास्तर वाकून पाहतो आणि शास्त्राच्या पुस्तकातले एक पान बदलते! त्यांच्यापाशी संगणकातला बेडूक नव्हता. पाय होते आणि डोळे होते.

आता तर नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रीय प्रकल्पाला अभ्यासक्रमात जागा दिली आहे. तेव्हा 'वरून परवानगी नाही' हीही सबब उरली नाही. भीती एवढीच आहे, की हा प्रकल्पही चार पाने उतरवून, रंगीत मुखपृष्ठ लावून कपाटात, म्हणजे पुन्हा बरणीतच, जाईल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक विभागाने आपल्या भोवतालचा दहा कोसांचा मुलूख आपला मानावा. त्यातल्या जीवांची मराठी नावे, सवयी आणि हंगाम यांची वही ठेवावी. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्याने एकट्याने पक्ष्यांचा कोश मराठीत सिद्ध केला. मग पगारी प्राध्यापकांच्या ताफ्याला एका तालुक्याची वही जड का व्हावी? परीक्षेत एक तरी प्रश्न असा असावा, की ज्याचे उत्तर छापील पुस्तकात नाही, शिवारात आहे.

आणि वाचकहो, तुम्हीही यातून सुटत नाही. या सुट्टीत घरातले कोणी प्राणिशास्त्र शिकणारे भेटले, तर 'पुढे काय?' म्हणून त्याला खजील करू नका. परसदारी घेऊन जा, समोर जे पाखरू किंवा किडा असेल तो दाखवा आणि विचारा, 'हे काय आहे, आणि इथे काय करते?' त्याला सांगता आले तर त्याच्या मास्तरांना माझा नमस्कार सांगा. नाही आले, तर पुढच्या पालकसभेत तोच प्रश्न मास्तरांना विचारा.