व्हायव्हात कोण बोलतं?

"विषय कळतो, पण मांडता येत नाही." बायोमेडिकलच्या प्रोजेक्ट व्हायव्हानंतर आपल्या पोरांच्या माथी हा शेरा हमखास बसतो. मांडायचं कसं, हे त्यांना शिकवलं कधी?

एकच नेमका प्रश्न ठरवणं, नमुने किती लागतील याचा हिशेब आधी करणं, एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी रुग्णाचा नमुना न घेणं, रसायनं उशिरा येणार हे धरून वेळापत्रक आखणं. एका स्लाइडवर एक मुद्दा, आलेखाच्या अक्षांवर एककं. हे सगळं शिकवता येतं. पण वर्गात ते शिकवत नाहीत. ज्याच्या घरी डॉक्टर-प्राध्यापक, त्याला ते जेवता जेवता मिळतं, आणि त्यालाच पुढे 'मेरिट' म्हणतात!

दिल्लीच्या एम्सवरील सुखदेव थोरात समितीच्या २००७च्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षांतल्या भेदभावाच्या तक्रारी केल्या आहेत. जिथे उत्तरपत्रिका उरत नाही, तिथे परीक्षकाच्या तोंडून जात बोलते.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या सेमिनारमध्ये बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. वय २५. बाप सुभेदार होता, प्राध्यापक नव्हता. त्यांना संधी मिळाली, म्हणून जगाने ऐकलं.

म्हणून मागणी स्पष्ट आहे: पहिल्याच सत्रात प्रोजेक्ट-नियोजनाच्या तासिका, गुणांचा लेखी तक्ता आधीच हातात, संशोधनाचे आणि इंग्रजीचे गुण वेगळे, सराव-सादरीकरण सर्वांना.

मित्रहो, हे उपकार म्हणून मागू नका. हक्क म्हणून घ्या.

जय भीम!