वकील कंपनीचा की संचालकांचा?




कंपनीच्या वकिलाने संचालकांच्या सूचना मुकाट पाळाव्यात, हे मागील अंकातील लेखाचे मत मला मान्य नाही. वकिलाचा पक्षकार ही कंपनी असते. संचालक तिच्या वतीने बोलतात, इतकेच. २००१ मध्ये गैरव्यवहारांमुळे एन्रॉन ही अमेरिकन ऊर्जा कंपनी कोसळली आणि हजारो कर्मचाऱ्यांची पुंजी बुडाली. त्यानंतर अमेरिकेने २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यान्वये नोंदणीकृत कंपन्यांच्या वकिलांवर बंधन घातले : गैरव्यवहाराचा पुरावा आधी मुख्य विधी अधिकाऱ्यापुढे मांडायचा, योग्य दखल घेतली गेली नाही, तर संचालक मंडळापर्यंत न्यायचा. आपल्याकडेही भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १३२ बेकायदा हेतूसाठी झालेल्या संवादाला गोपनीयतेचे संरक्षण देत नाही. भागधारकांचे आणि कामगारांचे नुकसान समोर दिसत असताना वकिलाने संचालकांना स्पष्ट नकार दिलाच पाहिजे. कंपनीशी इमान राखण्याचा दुसरा मार्ग नाही.

– एक वकील वाचक, पुणे