पिल्लू हातात घेण्याआधी



वळवाचे दोन पाऊस झाले की आपल्या सातारा-सांगलीकडच्या मोहल्ल्यांत मांजरींची पिल्ले दिसू लागतात. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाद्यांमागे, कधी मशिदीच्या वजूखान्यामागे रचलेल्या लाकडांत. मग घराघरांत तेच दोन सूर ऐकू येतात. मुले म्हणतात, "दादीमाँ, इसकू रखेंगे ना?" मोठी माणसे म्हणतात, पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडून या. पुष्कळ घरांत आधी मुलांचे चालते आणि महिन्याभराने मोठ्यांचे. पिल्लू लहान असते तोवर मांडीवर, गादीवर घाण केली की पोत्यात.

शाळेत मुलांच्या तोंडून या कहाण्या आम्ही दर वर्षी ऐकतो. म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

आधी दीन काय सांगतो ते पाहू. हजरत अबू कतादा (रजि.) वजू करायला बसले असता एक मांजर आली. त्यांनी वजूच्या पाण्याचे भांडे तिच्यापुढे तिरके धरले आणि तिचे पिऊन होईपर्यंत तसेच धरून ठेवले. सून कब्शा आश्चर्याने पाहू लागल्या, तेव्हा त्यांनी सांगितले की, मांजर नजिस नाही, ती तुमच्यात सतत ये-जा करणाऱ्यांपैकी आहे, असे रसूलुल्लाह (स.) यांनी फरमावले आहे. ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही संग्रहांत आहे. हनफी मसलकात मांजरीचे उष्टे पाणी मकरूह तन्जीही मानतात, म्हणजे दुसरे पाणी असेल तर ते वापरावे. तिची विष्ठा आणि मूत्र मात्र नजिस आहे, तिथे स्वच्छता हवीच.

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची कुनियतही मांजरीच्या पिल्लावरून पडली. ते घरच्या शेळ्या राखत. त्यांच्याजवळ एक छोटे पिल्लू होते. रात्री ते त्याला झाडावर ठेवत आणि दिवसा सोबत नेऊन त्याच्याशी खेळत. मुइज्जा नावाच्या मांजरीसाठी बाही कापल्याचा किस्सा मात्र हदीसच्या संग्रहांत आढळत नाही. तो मुलांना हदीस म्हणून सांगू नये.

तिसरी हदीस सर्वांना ठाऊक आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवली, ती मेली आणि त्यामुळे त्या स्त्रीला अजाब झाला. या हदीसमधील तपशील नीट पाहावा. तिने मांजरीला खायला-प्यायला दिले नाही आणि तिने स्वतः काही शोधून खावे म्हणून मोकळेही सोडले नाही. म्हणजे वाटा दोन होत्या, सांभाळणे किंवा मोकळे ठेवणे. आधी हातचे खायची सवय लावायची आणि मग अनोळखी जागी टाकून द्यायचे, ही तिसरी वाट त्या स्त्रीच्याच वाटेला जाऊन मिळते, असे आम्हाला वाटते. कायदाही हेच सांगतो. जनावर उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

आता दोस्ती कशी करावी ते पाहू.

पिल्ले एकटी दिसली म्हणजे आईने टाकली, असे समजू नये. ती बहुधा खाण्याच्या शोधात गेलेली असते. पिल्लांना हात न लावता काही तास लांबून पाहावे. पिल्ले शांत झोपली असतील आणि पोटे भरलेली असतील, तर आई येऊन जाते हे नक्की. पिल्लांचे डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत त्यांना माणसाची ओळख सहज लागते. त्यानंतर तेच काम अवघड होत जाते. पण आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. म्हणून उत्तम मार्ग एकच, आईशी ओळख करावी. आई माणसासमोर निर्धास्त जेवू लागली की पिल्लेही धीट होतात.

यासाठी रोज एकच वेळ, एकच जागा आणि एकच ताटली ठेवावी. पहिले काही दिवस खाणे ठेवून लांब व्हावे. मग चार-पाच हातांवर गप्प बसावे आणि रोज थोडे जवळ सरकावे. उभे राहून वाकू नये, टक लावून पाहू नये. मांजर आपल्याकडे पाहत असेल तर आपण डोळे हळूच मिटावेत आणि हळूच उघडावेत. इंग्लंडमधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रयोग करून दाखवले की, असे केल्यास अनोळखी माणसाकडेही मांजर अधिक सहज येते. हात पुढे करायचा तो जमिनीलगत, बोटे मिटून. तिने वास घेऊन अंग घासले, तरच गालाला स्पर्श करावा. पोटाला हात लावू नये. मुलांना हे शिकवताना सबुरीचा वेगळा धडा द्यावा लागत नाही.

गाईचे दूध पिल्लांना पचत नाही, हगवण लागते. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेले कोंबडीचे मांस किंवा काटे काढलेली मासळी द्यावी आणि पाणी भरपूर ठेवावे. कोरम्यातली हाडे देऊ नयेत. शिजलेले हाड तुटून घशात किंवा आतड्यात रुतते आणि कांदा-लसूण मांजरीला अपाय करतो.

मोठी झालेली रानटी मांजर कदाचित कधीच मांडीवर बसणार नाही. ती आपल्यापासून दोन हातांवर निवांत जेवली, तर तेवढी दोस्ती पुरे. तिला पकडून घरात कोंडू नये.

मांजर चावली किंवा तिने ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे, रेबीजची लस तिथे मोफत मिळते. घरात कुणी गरोदर असेल तर मांजरीची घाण तिने साफ करू नये.

कराड, वाळवा, शिराळा अशा उसाच्या पट्ट्यातील वाचकांसाठी एक वेगळी सूचना. ऊसतोडणीच्या वेळी फडात सापडणारे प्रत्येक पिल्लू घरमांजरीचे नसते. ते रानमांजराचे किंवा वाघाटीचे असू शकते. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटी जेमतेम दीड किलोची असते आणि तिच्या अंगावर तांबूस ठिपके असतात. ही पिल्ले पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तोडणी तिथे थांबवून वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिल्ले सापडली त्याच जागी संध्याकाळी ठेवली, तर पुष्कळदा आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. इथे दोस्ती न करणे हाच रहम.

आता सांगलीची गोष्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाणी चढू लागते तेव्हा हाक मारल्यावर येणारी मांजर उचलून नेता येते, रानटी मांजर मात्र माणसाला पाहून आणखी आत दडते. म्हणून ओळख झाल्यावर झाकणाची एक टोपली अंगणात ठेवावी. आत जुने फडके घालून कधी कधी खाणे तिथेच द्यावे. मांजरीला टोपलीची भीती राहत नाही आणि पूर असो वा दवाखाना, वेळेला पकडापकडी करावी लागत नाही. पावसाळ्यात नदीकाठी पोते मोकळे करून येणाऱ्यांनीही ५७ फुटांचा हा आकडा लक्षात ठेवावा.

शेवटचा मुद्दा संख्येचा. मांजर चार-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. सुमारे ६५ दिवसांत विते आणि वर्षात दोन-तीनदा विऊ शकते. नुसते खाऊ घालत राहिलो, तर दोन वर्षांत मोहल्लाच पोत्याची मागणी करील. यावर उपाय नसबंदीचा आहे. जनावराला किंवा माणसाला फायदा असेल तर खच्चीकरणाला हनफी फिकहच्या किताबांत मुभा आहे. मन साशंक असेल त्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. शस्त्रक्रियेची आणि लसीची चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी. खर्च एका घराला जड जात असेल, तर गल्लीतील चार घरांनी वाटून घ्यावा. मांजर तरी कुठे एकाच घरची असते?

तेव्हा मुलांनी पिल्लासाठी हट्ट धरला की लगेच हो किंवा नाही म्हणू नये. सगळ्यांनी दस्तरख्वानवर बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. रोज खाणे कोण ठेवणार, डॉक्टरचा खर्च कोण देणार आणि आपण गावाला गेलो तर कोण पाहणार. तिन्हींना नावे मिळाली, तर बिस्मिल्लाह म्हणून पिल्लू आणावे. नाही मिळाली, तर ते आईजवळच राहू द्यावे आणि अंगणात पाण्याचे एक भांडे भरून ठेवावे. त्याचाही सवाब आहे, इन्शाअल्लाह.