सामायिक कोडे



चातुर्मास लागला की आपल्या संघांतून प्रश्नपत्रिका आणि शब्दकोडी यांचाही हंगाम सुरू होतो. ठाण्यात असो वा कल्याण-डोंबिवलीत, कोऱ्या चौकटींचा कागद सकाळी व्याख्यानानंतर हाती पडतो आणि रात्रीपर्यंत कुणीतरी भरलेल्या चौकटींचे छायाचित्र मोबाइलवरून घरोघर पोहोचते. पुढे सगळे कागद अचूक भरून येतात; कोडे मात्र एखाद्याच घरात सुटलेले असते.

यावर काहीजण असा उपाय सुचवतात की एकमेकांना विचारण्यावरच बंदी घालावी. तो आम्हास पटत नाही. स्वाध्यायाच्या अंगांत वाचनेनंतर लगेच पृच्छना येते, आणि स्वाध्याय हे तर आभ्यंतर तप. विचारण्याला इतका मान देणारी परंपरा आपली. उत्तर सांगणाऱ्याने ते राजीखुशीने दिलेले असते, म्हणून घेणाऱ्यावर अदत्तादानाचा ठपकाही ठेवता येत नाही. तरीही देणाऱ्याने दिले आणि घेणाऱ्याला काहीच मिळाले नाही, असा हा विचित्र व्यवहार होतो. कोडे अवश्य एकत्र सोडवावे. मात्र वाटून घ्यावी ती उकल, एवढेच आज सांगावयाचे आहे.

यासाठी गूढ शब्दकोडे हा प्रकार फार उपयोगी पडतो. आजच्या धर्तीचे शब्दकोडे १९१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात छापले गेले. पुढे इंग्लंडमध्ये त्याला गूढ वळण मिळाले. साध्या कोड्यात ‘कमळ’ असे विचारले की ‘पंकज’ लिहावयाचे. गूढ कोड्याचे सूत्र दोन तुकड्यांचे असते. एक तुकडा शब्दाचा अर्थ सांगतो, दुसरा त्या शब्दाची घडण. दोहोंचा सांधा कोठे आहे, हे आपण शोधावयाचे.

एक सूत्र घेऊ: ‘आणि झाडावर तुरुतुरु पळणारी मालाचा साठा सांभाळते (३ अक्षरे)’. सहावीतल्या नातीला तुरुतुरु पळणारी खार चटकन ओळखू येते. ‘आणि’ म्हणजे ‘व’, हे तिच्या आईच्या ध्यानात येते. व आणि खार. पण वखार म्हणजे काय, हे त्या दोघींपेक्षा आजोबांना अधिक ठाऊक असते, कारण लाकडाच्या वखारीत त्यांनी उमेदीची वर्षे काढलेली असतात. मग नातीला इतिहासाच्या पुस्तकातली इंग्रजांची सुरतेची वखार आठवते. एक शब्द तीन पिढ्यांनी मिळून उभा केला. हेच उत्तर मोबाइलवरून आले असते, तर तीन अक्षरे मिळाली असती आणि आजोबांना कुणी काही विचारले नसते.

शब्दाशी असे खेळणे आपल्याला परके नाही. मुनी समयसुंदरजींनी अवघ्या आठ अक्षरांच्या एका वाक्याचे आठ लाखांहून अधिक अर्थ लावून दाखविले. विक्रम संवत १६४९ मध्ये लाहोरला अकबर बादशहासमोर मांडलेला तो ग्रंथ ‘अष्टलक्षी’ या नावाने प्रसिद्ध आहे.

ठाणेकरांना तर त्याहून जवळचे उदाहरण आहे. धवल शेठाने समुद्रात लोटलेला श्रीपाल राजा कोकणच्या किनाऱ्याला, ठाण्यास लागला, ही कथा टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आयंबिलच्या ओळीत वर्षातून दोनदा वाचल्या जाणाऱ्या त्याच्या रासात राजकन्या शृंगारसुंदरी आणि तिच्या पाच सख्या समस्या घालतात. त्या पुऱ्या करील त्यालाच वरण्याचा त्यांचा पण असतो. अर्धे एकाने सांगावे, उरलेले दुसऱ्याने पुरे करावे, हा त्या खेळाचा नियम.

प्रत्यक्ष रासाचेही तसेच झाले. उपाध्याय विनयविजयजींनी तो रचावयास घेतला. विक्रम संवत १७३८ मध्ये रांदेर येथे त्यांचा काळ झाला, तेव्हा तो अपुरा होता. उपाध्याय यशोविजयजींनी तो पूर्णत्वास नेला. आज रासाबरोबर दोघांचीही नावे आदराने घेतली जातात.

आता आपल्या घरांकडे पाहू. चौविहार पाळणाऱ्या व्यापारी कुटुंबात सायंकाळचे जेवण बहुधा एकत्र होत नाही. सूर्यास्तापूर्वी कर्ता पुरुष दुकानातच डबा उघडतो, मुले शिकवणीच्या वाटेवर खाऊन घेतात. रात्री शटर खाली ओढून, लोकलची गर्दी सोसून तो घरी येतो, तेव्हा इतर कुटुंबांना एकत्र बसविणारे ताट आपल्याकडे नसते. नियम उत्तमच आहे. पण त्याने मोकळी ठेवलेली ती घटिका मोबाइलने बळकावली आहे. त्यात घरची बोली गुजराती, मारवाडी वा कच्छी, शाळा इंग्रजी, आणि मराठी गल्ल्यापुरती. गिऱ्हाइकांशी चाळीस वर्षे बोलून कमावलेली आजोबांची मराठी घरात सर्वांत सकस असते, आणि तिची गरज मात्र कुणालाच पडत नाही. एका कोड्याने ती गरज पडते.

दुसरे सूत्र पाहा: ‘साऱ्या भावांच्या मालकीची अठ्ठेचाळीस मिनिटे (४ अक्षरे)’. वकिलाकडे जाऊन आलेले काका ‘सामायिक मिळकत’ म्हणतील. रोज कटासणे घालून बसणारी आजी दोन घडींचे सामायिक सांगेल. शब्द एकच, आणि दोघांचेही म्हणणे खरे. अनेकान्ताचा पाठ मुलांना याहून सोपा करून कसा द्यावा?

घरी हा खेळ मांडावयाचा तर तीन पथ्ये पाळावीत. सूत्र एकाने मोठ्याने वाचावे, म्हणजे डोळे अधू झालेल्यांनाही सहभागी होता येते. ज्याला आधी सुचले त्याने सर्वांत धाकट्याची पाळी होईपर्यंत मौन राखावे. हे मौन वाटते तितके सोपे नाही. आणि मदत मागितली तर शब्द न सांगता फक्त सांधा दाखवावा: ‘येथपर्यंत अर्थ, येथून पुढे घडण’. संघाच्या स्पर्धांतही उत्तराशेजारी ‘कसे सुटले’ असा एक रकाना ठेवता येईल. नक्कल करून चौकटी भरतात, तो रकाना भरत नाही.

या महिन्याचे सूत्र आपणा सर्वांसाठी: ‘ऐकावयास दोन, तेथेच व्यापार चालतो (३ अक्षरे)’. ज्यांना ते वाचताक्षणी सुटले त्यांनी कृपया कुणाला सांगू नये. आज रात्री घरी सर्वांसमोर मोठ्याने वाचावे आणि थांबावे. उकल पुढील अंकी.