टाळ जोडीनेच वाजतो

आज आषाढ शुद्ध एकादशी. आजपासून श्रीविष्णू योगनिद्रेत जातात आणि कार्तिक शुद्ध एकादशीस जागे होतात, अशी आपली श्रद्धा आहे. पावसाळ्यात वाटेवर असंख्य जीव उपजतात. ते पायाखाली चिरडू नयेत म्हणून यतींनी या काळात एका ठायी राहावे, असा चातुर्मासाचा दंडक आहे. तेव्हा घरी थांबणे आपल्या धर्माला मुळीच अपरिचित नाही. परंतु व्रत म्हणून पत्करलेला एकांत निराळा आणि प्रसंगाने लादलेला एकटेपणा निराळा. पहिल्याला मनुष्य स्वतः सामोरा जातो. दुसरा त्याच्यावर येऊन कोसळतो. या दुसऱ्याविषयी सणाच्या दिवशी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे घर पंढरपूरचे. 2020 च्या चैत्रात रामनवमीच्या कीर्तनांसाठी आम्ही ठाण्यास, खोपट येथे मुलाकडे आलो होतो. 25 मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. एस.टी.चे स्थानक हाकेच्या अंतरावर. पण गावाकडे नेणारी गाडी नाही. तिकडे पांडुरंगाचे मंदिर मार्चमध्येच दर्शनासाठी बंद झाले होते. ते उघडले थेट 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्यास. त्या वर्षी आषाढी 1 जुलैला आली. आदल्या दिवशी माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एस.टी.तून पंढरीस गेल्या, आणि एकादशीच्या दुसऱ्याच दिवशी ठाणे शहर पुन्हा कडकडीत बंद झाले, ते 19 जुलैपर्यंत. त्याच दिवसांत आम्हांसही 14 दिवस एका खोलीत विलग राहावे लागले.

अशा प्रसंगी अनेक सज्जन सांगतात की, ही तर साधनेची पर्वणी. जप दुप्पट करा, मौन पाळा, अंतर्मुख व्हा. त्यांचा हेतू शुद्ध असतो. पण आमचे मत वेगळे आहे. ज्याचे मन धास्तावलेले आहे त्याच्यापुढे मोठ्या साधनेचा डोंगर उभा करणे म्हणजे तापकऱ्यास पक्वान्न वाढणे होय. त्यास हवी असते पेज. एकटेपणात मनुष्याला तारून नेतात त्या लहान, रोजच्या, ठरलेल्या गोष्टी. आम्हांस ज्यांनी आधार दिला त्या येथे सांगतो.

पहिली गोष्ट, वेळेचे बंधन. स्नान, दिवा, वाचन, विश्रांती यांच्या घटका ठरवून घ्याव्यात. दिवसाला आकार आला की त्याची भीती वाटेनाशी होते. दुसरी, वाचन थोडे, पण मोठ्याने. दासबोधाचे 20 दशक, दर दशकात 10 समास. रोज एक समास वाचला तर 200 दिवसांची सोबत होते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे 9,000; रोज 25 वाचल्या तर वर्ष भरते. स्वतःचा आवाज स्वतःच्या कानी पडणे हेसुद्धा एकट्या जीवास औषधच आहे. तिसरी, हातांना काम. कापसाच्या फुलवाती वळाव्यात, तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्यात, वहीत रामनाम लिहावे. हात गुंतले की मनाची वणवण थांबते. चौथी गोष्ट सांगताना संकोच वाटत नाही, ती जिभेची. आलेपाकाची एक वडी, रात्री हळदीचे कोमट दूध, उपवासाच्या दिवशी वरीच्या तांदळावर दाण्याची ऊन आमटी. देह हेही देवाचेच घर आहे. त्याचे एवढे कौतुक केल्याने वैराग्यास उणेपणा येत नाही.

पाचवी गोष्ट, खिडकी. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूताने 24 गुरू केले. त्यांत कपोत आहे, कोळी आहे, मधमाशी आहे, अजगरही आहे. त्याने यांच्याकडे केवळ निरखून पाहिले आणि त्यांतून बोध घेतला. खोपटच्या सज्ज्यात अजगर येत नाही हे खरे. पण कपोतांची मुळीच वाण नाही, आणि कोळी तर घराच्या कोपऱ्यात पाठ देण्यास बसलेलाच असतो.

त्याच 24 गुरूंत एक कुमारिका आहे. घरी पाहुणे आले असता ती आत साळी कांडू लागली, तो हातांतील कंकणे वाजू लागली. तिने एकेक कंकण उतरविले; दोन राहिली तरी ती वाजतच, म्हणून अखेर प्रत्येक हातात एकेकच ठेवले. अनेकांत कलह, दोघांत बोलाचाल, म्हणून एकटे राहावे, असा बोध अवधूताने घेतला. संन्याशास तो योग्यच आहे. परंतु आम्ही कीर्तनकार. आमच्या हाती कंकण नव्हे, टाळ आहे. एकटा टाळ वाजत नाही. तो जोडीनेच वाजतो.

म्हणून सहावी गोष्ट आम्ही सर्वांत श्रेष्ठ मानतो: रोज ठरल्या वेळी एका माणसाशी संवाद. त्या 14 दिवसांत पंढरपूरचे आमचे वृद्ध मृदंगवादक सायंकाळी दूरध्वनी करीत. एक ओवी आम्ही वाचायची, दुसरी त्यांनी. पाव घटकेचे ते वाचन. पण सकाळपासून मन त्याची वाट पाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत 18 रविवारी गीतेच्या 18 अध्यायांवर प्रवचने दिली. बंदिवासातले ते अमृत जगाला मिळाले, कारण समोर ऐकणारे सहबंदी होते आणि साने गुरुजींची लेखणी होती. त्याही आधी, लोकांच्या वागण्याने खिन्न होऊन ज्ञानदेवांनी पर्णकुटीचे दार लावून घेतले, तेव्हा धाकटी मुक्ताई ताटीबाहेर उभी राहून विनवीत राहिली, असे परंपरा सांगते. प्रत्यक्ष माउलींनाही दाराबाहेर कोणी उभे असावे लागले; मग आपणा सामान्यांची काय कथा!

टाळेबंदी सरली, मंदिरे उघडली, वारी पुन्हा पायी चालू लागली. पण ज्यांची टाळेबंदी उठलीच नाही, असे कितीतरी जीव आपल्याच इमारतींत आहेत. मुले परदेशी, गुडघे थकलेले, उद्वाहन बंद पडले की आठ-आठ दिवस खाली उतरणे नाही. दूरदर्शन संचावर दिवसभर अभंग चालू असतात. पण अभंग ऐकविणारे यंत्र ‘तुम्ही जेवलात का?’ असे विचारीत नाही. टाळेबंदीत आपण शेजाऱ्याच्या दाराच्या कडीला डबा अडकवून येत होतो. संकट टळले आणि ती रीतही आपण सोडून दिली, याचे आम्हांस दुःख वाटते.

वारी म्हणजे चालत जाऊन भेटणे. ज्यांना पंढरी घडली नाही त्यांनी आज सायंकाळी आपल्याच जिन्यातले एक दार ठोठवावे, वाटीभर भगर द्यावी, चार ओव्या वाचाव्यात आणि उद्या पुन्हा याच वेळी येतो असे सांगून यावे. आणि उद्या खरोखरच जावे. विटेवरचा पांडुरंग भक्ताची वाट पाहत उभा आहे, असे आम्ही कीर्तनातून जन्मभर सांगत आलो. दारामागे वाट पाहणाऱ्यांतही तोच उभा आहे, हे चातुर्मासाच्या आरंभी सर्वांनी ध्यानी धरावे, एवढीच आमची विनंती.