चिन्ह काढण्याआधीचे काम



तळासरीच्या एका भगिनींनी आमच्याजवळ तक्रार मांडली. मुलगा चित्रकलेचे शिक्षण घेऊन आला, पण नोकरी धरत नाही. दुकानांना, मंडळांना, बचत गटांना तो बोधचिन्हे, म्हणजे हल्ली सगळे ज्याला लोगो म्हणतात ती, काढून देतो. "आठ-आठ दिवस वही घेऊन हिंडतो आणि शेवटी रुपयाएवढं चित्र काढतो. याला काम म्हणायचं का, तुम्हीच सांगा!" त्यांच्या समाधानासाठी आम्ही मुलाबरोबर दोन-चार वेळा हिंडलो. पाहिले ते असे.

चिन्ह म्हणजे काय हे आपल्या समाजाला नव्याने शिकवायला नको. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. ज्यांच्या हाती कधी पाटी-पेन्सिल आली नव्हती, त्या आपल्या आज्या-पणज्यांनाही तो हत्ती वाचता येत होता.

तर काम होते डहाणू तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचे. चिकूच्या फोडी वाळवून पिशव्या भरायच्या आणि विकायच्या. गटात आपल्या काही भगिनी आणि शेजारच्या पाड्यावरच्या काही वारली बायका. माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याने आधीच सांगून ठेवले होते, "वारली नाच टाका पिशवीवर. मुंबईचं गिऱ्हाईक लगेच ओळखतं." काम सोपे होते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर गोल डोके ठेवले की माणूस उभा राहतो. कॉम्प्युटरवर अशी माणसे तयार मिळतात, दहा मिनिटांत नाच धरतात.

मुलाने कॉम्प्युटर उघडलाच नाही. पहिला दिवस तो बायकांच्या अंगणात फोडी करायला बसला. कोण काय करते, माल कोण घेते, पिशवी कुठे टांगली जाणार, रंग किती परवडतील, असे विचारत राहिला. नाचाची गोष्ट निघाली तेव्हा त्याने एका वयस्कर वारली बाईंना विचारले, "मावशी, तुमचं चित्र आहे. टाकू का?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्ही लग्नात चौक लिहितो बाबा. त्यात देवी बसते. तू तो फोडींच्या पिशवीवर कशाला लिहितोस?"

या उत्तरामागे मोठा इतिहास आहे. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहायचा हे वारली सवाशिणींचे काम, आणि चौकात पालघट देवी. भिंतीवरची ही चित्रे कागदावर आणून जगापुढे नेणाऱ्यांत मोठे नाव जिव्या सोमा मशे यांचे. जन्म १९३४ चा, तळासरी तालुक्यातल्या धामणगावचा. हयात गेली डहाणू तालुक्यातल्या गंजाडला. लहानपणी आई गेली आणि हा मुलगा बोलायचाच थांबला. धुळीत चित्रे काढून तो आपले म्हणणे सांगे. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते वारले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे असूनही चहाच्या कपापासून हॉटेलच्या भिंतीपर्यंत हे त्रिकोणी लोक नाचताना दिसतात आणि ते काढणाऱ्या पाड्याला कोणी विचारलेले नसते. आपली वस्तू न विचारता उचलली जाणे म्हणजे काय हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याच्या मुलाने तरी विचारावे. या मुलाने विचारले, याचे आम्हाला बरे वाटले.

मग आपल्या एका भगिनी म्हणाल्या, "राहिलं. आपलं चक्र टाक, निळ्या रंगात." मुलाने तेही नम्रपणे मोडून काढले. राष्ट्रध्वजावरचे अशोकचक्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्याच्या चिन्हात घालायला १९५० च्या कायद्याने बंदी आहे. नाव 'अशोकचक्र' ठेवले तरी तीच गत. आपल्यातले कितीतरी दुकानदार हौसेने ते घालतात आणि पुढे चिन्हाची नोंदणी करायला गेले की अडतात. (पाटी रंगवणारे आऱ्या तरी चोवीस काढतात का? आम्ही एके ठिकाणी मोजल्या, एकवीस भरल्या!) 'डहाणू घोलवड चिकू' या नावालाही २०१६ मध्ये मानांकन मिळालेले आहे. ते छापायचे तर गटाने आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायला हवी. ते काम मुलाने गटाच्या अध्यक्षांच्या वहीत लिहून दिले.

नाच गेला, चक्र गेले. आता काय?

दुसऱ्या दिवशी तो वाडीत गेला. लांब बांबू, त्याच्या टोकाला जाळी. फळ जाळीत घ्यायचे, हलकेच पिळा द्यायचा, म्हणजे ते खाली पडून फुटत नाही. गटातल्या निम्म्या बायकांनी अशी काठी दुसऱ्यांच्या वाड्यांत मजुरीने धरलेली आहे. मुलगा झाडाखाली बसून नुसता बघत होता. आम्हाला त्या वेळी दीनानाथ भार्गव आठवले. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली शिकणाऱ्या या तरुणाकडे संविधानाच्या मूळ प्रतीसाठी सारनाथचे सिंह रेखाटण्याचे काम आले, तेव्हा तो कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन खरे सिंह निरखत बसे. नंतरच त्याने हात चालवला.

वहीत मुलाने तीसेक आकृत्या काढल्या. आम्हाला त्यातल्या पुष्कळ आवडल्या, त्याने फुल्या मारल्या. उरलेली प्रत्येक आकृती तो आधी नुसत्या काळ्या शाईत काढतो. रंगाने वाईट चित्रही गोड दिसते, म्हणतो. मग ती रबरी शिक्क्याएवढी लहान करून बघतो, भिंतीला लावून वीस पावलांवरून बघतो, आणि चष्मा न लावलेल्या आजीला विचारतो, "काय दिसतं?" एका आकृतीला आजी "भोवरा" म्हणाली, ती गेली. दुसरीला "कंदील" म्हणाली, तीही गेली. शेवटी तिरकी काठी, टोकाला जाळी आणि जाळीत एक चिकू, एवढेच राहिले. गटातल्या बायकांनी बघताक्षणी हात वर करून काठी धरल्यासारखे केले. नावाची अक्षरे मात्र त्याने चार वेळा बदलली. जोडाक्षर लहान छपाईत भरून जात होते.

पैशाचे सांगायलाच हवे, कारण भगिनींची खरी काळजी तीच. आरंभी हा मुलगा ओळखीवर काम करी. एका गिऱ्हाइकाने "घरी दाखवतो" म्हणून तीन नमुने नेले, त्यातला एक दुसऱ्याकडून छापून घेतला आणि याला चहासुद्धा पाजला नाही. आता तो एका कागदावर सगळे लिहून घेतो: निम्मे पैसे आगाऊ, दुरुस्त्या दोनदा, पैसे पुरे झाल्यावर चिन्ह गिऱ्हाइकाच्या मालकीचे. आपली मंडळे या कागदावर नाराज होतात. "समाजाचं काम आहे, पैसे कसले?" मंडपवाल्याला आणि बँडवाल्याला पैसे देताना हा प्रश्न आम्ही कधी ऐकलेला नाही.

गटाने पहिल्या पाचशे पिशव्या छापल्या. व्यापारी अजून कुरकुरतो आहे, नाच असता तर बरे झाले असते म्हणतो. तळासरीच्या भगिनींना आम्ही हे सगळे सांगितले. त्यांनी एक पिशवी घरातल्या फळीवर, तसबिरीखाली उभी करून ठेवली आहे. नोकरीच्या जाहिराती कापून ठेवणे मात्र त्यांनी अजून सोडलेले नाही.